अकरा मुलं आणि नऊ कार्डं

विमलबाई उजागरे पेणच्या रामवाडीत राहतात आणि दर रविवारी सकाळच्या गाडीने रोह्याला येतात. रोह्यातल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत मुलांची शब्बाथ शाळा, म्हणजे रविवारचा बायबलचा वर्ग, त्या घेतात. सव्वीस वर्षं झाली. मी तिथे उपासनेला पेटी वाजवतो. मुलांचा वर्ग आणि माझी पेटी यांच्यामध्ये एक प्लायवूडची पातळ भिंत आहे. त्यामुळे त्या वर्गात काय चालतं ते मला इच्छा असो वा नसो ऐकू येतं. जे ऐकू आलं नाही, ते पुढे विमलबाईंनीच मला सांगितलं.

आमची मंडळी म्हणजे फार काही नव्हे. धाटावच्या कंपन्यांत नोकरीला म्हणून नगर-जालन्याकडून आलेली पंधरा-वीस कुटुंबं, आणि काही इथलीच. खाली हार्डवेअरचं दुकान, वर आमचा हॉल. जिना इतका अरुंद की लग्नाच्या दिवशी नवरीला साडी सावरून एकटीनेच वर यावं लागतं.

विमलबाईंचे वडील एका मिशनच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. नगरहून ते पेणला आले आणि इथलेच झाले. खाडीकडच्या गावांत गाडी जायची तेव्हा लहानगी विमल पुढच्या सीटवर बसलेली असायची. ती दहावी झाली, मग एसटीच्या वर्कशॉपमधल्या गुणाजी उजागऱ्यांशी लग्न झालं. एक मुलगा, सुजय, तो आता पनवेलला असतो. गुणाजी बारा वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेले. विमलबाई लग्नाआधीपासून एका गृहउद्योगात पोह्याचे पापड लाटतात. आताशा लाटायचं काम कमी, पीठ नीट मळलंय का ते बोटांनी दाबून सांगायचं काम जास्त.

शब्बाथ शाळा त्यांच्याकडे आली तीही अशीच. आधीच्या शिक्षिकेचं लग्न झालं, ती नाशिकला गेली. मंडळीचे तेव्हाचे पाळक, म्हणजे पास्टर, म्हणाले, "दोन रविवार सांभाळा विमलबाई, तोवर कुणीतरी मिळेल." कुणी मिळालं नाही, आणि खरं सांगायचं तर नंतर कुणी शोधलंही नाही.

त्यांची शिकवण्याची पद्धत साधी. मुलं सतरंजीवर गोल बसायची. आधी प्रत्येकाला विचारायच्या, "आठवडा कसा गेला?" कुणाची कोंबडी हरवलेली असायची, कुणाच्या बाबांची नाइट शिफ्ट लागलेली असायची. ते ऐकण्यातच अर्धा तास जायचा. उरलेल्या वेळात एक गोष्ट आणि एक गाणं.

आमच्या मंडळीचे सेक्रेटरी कमळाकर सर यांना ते पटायचं नाही. सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. शिस्तीचे, पण मनाने चांगले. तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात ते पुण्याला शब्बाथ शाळेच्या शिक्षकांच्या शिबिराला जाऊन आले आणि येताना तीन महिन्यांचा एक पाठ घेऊन आले. विषय होता, कृपादाने.

कृपादाने म्हणजे पवित्र आत्मा माणसाला जी देणगी देतो ती. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना ती सांगितली आहेत. कुणाला शहाणपणाचं बोलणं, कुणाला विश्वास, कुणाला आजारी माणसाला बरं करणं, कुणाला संदेश, कुणाला अनोळखी भाषा. सगळी एकाच आत्म्याची आणि सगळी सगळ्यांच्या भल्यासाठी, जसे एका शरीराचे हात, पाय, डोळे.

"विमलबाई, गोष्टी पुष्कळ झाल्या," सर म्हणाले. "पोरांना आपल्यात काय आहे ते कळू द्या."

"पोरं लहान हायत, सर."

"म्हणूनच हातात काहीतरी द्यायला हवं. नुसतं ऐकून लक्षात राहत नाही त्यांच्या."

सरांनी नऊ कार्डं बनवली होती. प्रत्येकावर एका दानाचं नाव, खाली रंगीत चित्र, वरून प्लास्टिक, गळ्यात अडकवायला रिबीन. चित्रं त्यांनी स्वतः रंगवली होती. मुलांनी डोळे मिटून एकेक कार्ड उचलायचं आणि तीन महिने त्या दानासाठी प्रार्थना करायची, ते वापरून बघायचं, असा त्या पाठाचा क्रम होता.

त्या दिवशी उपासना संपल्यावर विमलबाई माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "चिठ्ठ्या काढून आत्मा वाटायचा व्हय?" मी हसलो. त्याही हसल्या. पण सरांनी इतक्या हौसेने केलेलं काम परत करायचं त्यांच्या जिवावर आलं. "माझी चूक तिथंच झाली," त्या पुढे मला म्हणाल्या. "मला पटलं नव्हतं आणि मी ते केलं."

डिसेंबरचा पहिला रविवार. वर्गात अकरा मुलं आणि कार्डं नऊ. विमलबाईंनी घाईघाईत वहीची दोन पानं फाडून त्यांवर 'साहाय्य' असं लिहिलं आणि ती कार्डांखाली सरकवली. मितेशला 'भाषा' मिळालं. तो लगेच उभा राहून शेजारच्या तेलुगू कुटुंबाकडून शिकलेले एक ते दहा आकडे म्हणून मोकळा झाला. सगळा वर्ग हसला. पिंकीच्या हातात वहीचा कागद आला आणि ती रडायला लागली. तिला रिबीनवालं हवं होतं.

ऋतुजाच्या हातात आलं 'निरोगी करणे'. चित्रात एक उघडा हात होता, बोटांभोवती पिवळा रंग. ऋतुजा तेव्हा पाचवीत होती, दहा वर्षांची. तिने ते कार्ड बराच वेळ बघितलं.

"बाई, म्हणजे मी हात ठेवला की माणूस बरा होतो?"

"बरं करणारा देव. आपण नुसतं मागायचं."

दाराशी कमळाकर सर उभे होते. ते उत्साहाने म्हणाले, "विश्वासाने मागितलं तर होतो! का नाही होणार?"

तेवढ्यात इकडे मी पहिल्या गीताचा सूर धरला आणि वर्ग सुटला. पुढच्या रविवारी याचा नीट उलगडा करायचा असं विमलबाईंनी ठरवलं. पण पुढच्या रविवारी नाताळच्या नाटकाची तालीम होती. त्याच्या पुढच्या रविवारी कॅरल. डिसेंबर तारे लावण्यात आणि मेंढपाळांच्या फेट्यांत निघून गेला. जानेवारीत सर्दीतापाने अर्धा वर्ग घरी. उलगडा राहिला तो राहिलाच.

ऋतुजाचं घर खांबला, गोवा हायवेलगत. तिची आई नूतन आमच्या मंडळीत वाढलेली. तिने खांबच्या नितेशशी स्वतःच्या पसंतीने लग्न केलं. नितेशचं घर शेतकऱ्याचं, भात आणि त्यामागून वाल. घरात देव्हारा आहे, सणवार आहेत. सुरुवातीला दोन्हीकडे तोंडं फिरली होती, ऋतुजा झाली आणि सगळं निवळलं. नितेश धाटावला कंपनीत. रविवारी सुट्टी असली की मायलेकींना मोटारसायकलवर आणून सोडायचा आणि खाली हार्डवेअरच्या दुकानापाशी थांबायचा. वर कधी आला नाही, पण कुणी त्याला अडवलं होतं असंही नव्हतं.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि नितेशच्या आईचं, काशीबाईचं, डावं अंग गेलं. बोलणं जड झालं, पाय उचलेना. कार्ड मिळालं त्या संध्याकाळपासून ऋतुजा शाळेतून आली की हातपाय धुवायची, कार्ड गळ्यात घालायची आणि आजीच्या खाटेवर बसून तिच्या डाव्या पायावर हात ठेवायची. काशीबाईचे देव वेगळे. पण नातीचा हात तिने कधी झटकला नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, एका मंगळवारी दुपारी, काशीबाईला दुसरा झटका आला. ऋतुजा शाळेतून घरी आली तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

विमलबाईंना नूतनचा फोन आला तेव्हा त्यांचे हात पापडाच्या पिठात होते. सांत्वनाचे शब्द त्यांनी फोनवरच सांगितले. पुढचे दोन रविवार मायलेकी आल्या नाहीत, सुतक होतं, दिवसकार्य होतं. तिसऱ्या रविवारी नूतन एकटीच आली. वर्गाच्या दाराशी उभी राहिली आणि रुमालात गुंडाळलेलं कार्ड तिने विमलबाईंच्या हातात दिलं.

"बाई, ऋतूनं परत दिलंय. म्हणाली, दुसऱ्या कुणाला तरी द्या, जो खरा असंल त्याला."

"ती कशी हाय?"

"जेवत नाय नीट. रात्री आजीची खाट होती तिथं झोपायला जात नाय. शाळेत जाते, येते. बोलत नाय."

त्या दिवशी विमलबाईंनी वर्ग पुरा केला, गोष्ट सांगितली, गाणं म्हटलं. सगळे गेल्यावर मी पेटी झाकून निघालो तर त्या जिन्यात मध्येच उभ्या. हातात रुमाल तसाच.

"माझ्या वर्गातून पोरगी हे घेऊन गेली," त्या म्हणाल्या.

गुरुवारी कामाला सुट्टी टाकून त्या रामवाडीहून महाडकडे जाणाऱ्या एसटीत बसल्या आणि खांबला उतरल्या. नितेशचं घर त्यांनी विचारत विचारत काढलं. अंगणात वालाचे वेल उपटून आणून वाळत टाकले होते. ओटीवर कान्हू, ऋतुजाचे आजोबा, भिंतीला टेकून बसले होते. नितेशची रात्रपाळी होती, तो घरीच होता. त्याने बाईंना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग उभ्यानेच म्हणाला,

"बाई, राग मानू नका, पण मी बोलणार हाय. आई गेली. तिचं वय झालं होतं, आजार होता, ते मी समजून घेतलं. पण माझी पोरगी म्हणते आजी माझ्यामुळं गेली. दहा वर्षांची पोरगी. तिच्या गळ्यात तुम्ही हे काय अडकवलंत?"

"चूक झाली, नितेश."

"कुणाची चूक?"

"माझी."

नितेश बरंच काही बोलायच्या तयारीत होता. तो पायरीवर खाली बसला.

"मी तिला नीट समजावून सांगायला पायजे होतं," विमलबाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी सांगू, पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणत राहिले. तुला राग येणं बरोबर हाय."

कान्हू तिकडून म्हणाले, "नूतन, बाईंना चहा टाक गो. लांबून आल्यात."

ऋतुजा शाळेतून येऊन मागच्या पडवीत बसली होती. समोर सुपात वालाच्या शेंगा, एक एक फोडून दाणे काढत होती. बाईंना बघून तिने मान खाली घातली. विमलबाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या, गुडघे त्यांना त्रास देतात, तरी बसल्या. सुपातल्या मूठभर शेंगा घेऊन त्याही फोडायला लागल्या.

मग ऋतुजा म्हणाली, "कार्ड दिलंत कुणाला?"

"नाय. पिशवीत हाय."

"माझा विश्वास कमी पडला, बाई."

"कुणी सांगितलं?"

"सरांनी सांगितलं होतं ना. विश्वासानं मागितलं तर होतं." तिने शेंग फोडली, दाणा उडून पडवीबाहेर गेला. "आणि सोमवारी मी गेलेच नाय आजीकडं. वर्गातल्या मानसीचा वाढदिवस होता. घरी आले तर अंधार पडला होता, आजी झोपली होती. मंगळवारी आजी गेली."

विमलबाईंच्या लक्षात आलं की ही एवढी गोष्ट या पोरीने तीन आठवडे कुणाला सांगितली नव्हती.

"ऋतू, माझ्याकडं बघ. तू वाढदिवसाला गेलीस म्हणून आजी गेली नाय. तिच्या डोक्यात रक्तस्राव झाला, म्हणून गेली. डॉक्टरांनी बाबांना सांगितलं ना?"

"सांगितलं. पण देवानं..."

"देव काय हजेरीपट घेऊन बसत नाय गो. सोमवारी आली नाय, लाव गैरहजेरी, असं नाय करत तो."

"मग त्यानं ऐकलं का नाय?"

"मला माहीत नाय."

ऋतुजाने पहिल्यांदा वर बघितलं. वर्गात कुठलाही प्रश्न विचारला तरी बाई काही ना काही उत्तर द्यायच्या.

"खरंच माहीत नाय," विमलबाई म्हणाल्या. "तुला एक सांगते. मी बावीस वर्षांची असताना आमच्याकडं तीन दिवसांची उपवास-प्रार्थना झाली होती. मोठे पाहुणे आले होते. त्यांनी सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या उजवीकडची बाई वेगळ्या भाषेत बोलायला लागली. डावीकडची रडायला लागली. मी मध्ये नुसती उभी. माझे पाय दुखत होते. घरी आल्यावर मला वाटलं, देव माझ्या अगदी समोरून गेला आणि त्यानं मला बघितलंच नाय."

"मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी पापड लाटायला गेले. कुणाला सांगितलं नाय. लाज वाटली."

"आणि तुमचे ते... काका? ते पण आजारी होते ना?"

"व्हय. हॉस्पिटलच्या बाहेर बाकावर बसून मी पण मागितलं होतं. तुझ्यापेक्षा मोठ्यानं मागितलं असंल. ते गेले."

"तुम्हाला राग नाय आला?"

"आला की. सहा महिने प्रार्थनेला बसले की नुसतं आमेन म्हणायचे. आधीचे शब्दच येईनात."

"पण शब्बाथ शाळा तर घेत होतात."

"तुमच्यासारखी पोरं जिना चढून यायची. त्यांना काय सांगणार, आज बाई देवावर रुसल्यात?"

ऋतुजाच्या ओठांवर बारीकसं हसू आलं आणि लगेच गेलं. "आजी बरी झाली नाय," ती म्हणाली.

"नाय झाली," विमलबाई म्हणाल्या.

पडवीच्या दारात कान्हू कधी येऊन उभे राहिले ते दोघींना कळलं नव्हतं. ते कमी बोलणारे. भिंतीला हात टेकत ते उंबऱ्यावर बसले.

"मला तुमच्या त्या कार्डातलं काय कळत नाय," ते म्हणाले. "पण पोरी, तुझी आजी पाच वाजले की डोळे दाराकडं लावून बसायची. मी चहा नेला तर तोंड फिरवायची. ऋतू येऊ दे, म्हणायची. तू आलीस, तुझा हात पायावर पडला, की मग बशीतला चहा प्यायची. तुझ्या लक्षात नाय आलं?"

ऋतुजाने मान हलवली.

"आणि त्या सोमवारी तिनं मला विचारलं, पोर कुठं हाय? मी म्हटलं, वाढदिवसाला गेलीय. तर हसली. तोंड वाकडं झालं होतं तरी मला कळलं ना, हसली. म्हणाली, जाऊ दे, लेकराला केक खाऊ दे. आणि स्वतः हात लांब करून चहा घेतलान."

ऋतुजा रडायला लागली. आधी आवाज न करता, मग मोठ्याने. नूतन आतून धावत आली. कान्हूंनी हातानेच तिला थांबवलं.

विमलबाईंच्या अगदी ओठांवर वाक्य आलं होतं, बघ, हेच तुझं दान होतं. "पण मी गिळलं ते," त्या मला म्हणाल्या. "पोरगी आजीसाठी रडत होती. तिला रडू द्यायचं का परत धडा द्यायचा? एक धडा देऊन झाला होता माझा."

त्या चहा घेऊन निघाल्या. नितेश त्यांना हायवेपर्यंत सोडायला आला. एसटी येईपर्यंत थांबला. त्यांची पिशवी धरून उभा राहिला.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर विमलबाईंनी कमळाकर सरांना बाजूला घेतलं. मी खुर्च्या आवरत होतो. त्यांनी सगळं सांगितलं, काही न वगळता. सर आधी ताठ झाले. "मी मुद्दाम काही..."

"नाय, सर. वाटली तर मीच ना कार्डं."

सर खुर्चीवर बसले. चष्मा काढून हातात धरला. म्हणाले, "दारात उभा राहून मी अर्धंच बोललो. पुढचं वाक्य बोलायला हवं होतं, ते बोललो नाही. चाळीस वर्षं शिकवलं मी." मग त्यांनी विचारलं, "मी त्यांच्या घरी गेलो तर चालेल?"

ते गेले. नितेशला भेटले, ऋतुजाशी बोलले. तिथे काय बोलणं झालं ते सरांनी कुणाला सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

कार्डं गोळा झाली, पण विषय विमलबाईंनी सोडला नाही. त्या हट्टीच आहेत. मार्चमध्ये मी भिंतीपलीकडून ऐकलं, "हे बघा, आपलं दान कुठलं, ते आपण शोधायचं नाय. ते आपल्याला दिसत नाय, जशी आपली पाठ आपल्याला दिसत नाय. दुसऱ्याचं शोधायचं. महिनाभर या मंडळीतल्या एका माणसाकडं गुपचूप बघायचं आणि मग सांगायचं, देवानं याच्याकडं काय ठेवलंय."

तो महिना आमच्यासाठी अवघड गेला. प्रवचन चालू असताना मागे वळून बघावं तर एखादं पोर आपल्याकडे डोळे लावून बसलेलं. माझ्याकडे कोण बघत होतं ते मला आजही माहीत नाही.

महिन्याच्या शेवटी मुलांनी सांगितलं. मितेश म्हणाला, "पोपटकाका उपासना सुरू झाली की खाली जातात आणि सगळ्यांच्या चपला वळवून, तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवतात. म्हणजे बाहेर येताना पाय नुसते घालायचे. म्हाताऱ्या बायकांना वाकावं लागत नाय." आम्ही इतकी वर्षं त्या चपला घालून घरी जात होतो आणि हे कुणी बघितलं नव्हतं. पोपटकाका कंपनीत वॉचमन होते, मंडळीत कधी तोंड उघडत नसत. पिंकीने कमळाकर सरांना निवडलं होतं. ती म्हणाली, "मीटिंगमध्ये मोठी माणसं भांडायला लागली की सर म्हणतात, चहा मागवा. मग भांडण थांबतं." भिंतीच्या अलीकडे, माझ्यापाशी सर होते. त्यांना ठसका लागला. एका पोराने काहीच आणलं नव्हतं. तो म्हणाला, मी विसरलो. विमलबाई म्हणाल्या, बरं.

त्यानंतर त्यांनी मुलांना सांगितलं की पौलाच्या यादीत मोठमोठी दानं आहेत, त्यांच्यातच साहाय्य पण आहे, अगदी त्याच ओळीत बसवलेलं. आणि आजाऱ्याला बरं करायचं दान कुणाला द्यायचं, कधी द्यायचं, ते देव ठरवतो. आपण मागू शकतो. मागणं खोटं नसतं. मिळालं नाही म्हणून मागणारा खोटा ठरत नाही. हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. ऋतुजा त्या दिवशी वर्गात नव्हती.

ती जूनमध्ये आली. शाळा सुरू झाल्यावर, नव्या दप्तराबरोबर. सतरंजीवर मागच्या बाजूला बसली. "आठवडा कसा गेला?" तिची पाळी आली तेव्हा म्हणाली, "बरा." विमलबाईंनी पुढच्या मुलाला विचारलं. असं तीन-चार महिने चाललं. बरा, बरा, बरा. एका रविवारी ती म्हणाली, "गुरुवारी मी आजीच्या खाटेवर झोपले." वर्गातल्या बाकीच्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

मागच्या वर्षी पावसाळ्यात पोपटकाका घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं. विमलबाई एका रविवारी उपासना संपल्यावर त्यांना बघायला निघाल्या आणि ज्यांना यायचं त्यांनी चला म्हणाल्या. पिंकी आली, मितेश आला, ऋतुजा आली. मी सोबत होतो.

काका खाटेवर पडले होते, दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला. मुलं भिंतीला टेकून उभी राहिली. विमलबाई त्यांच्या बायकोशी औषधांचं बोलत होत्या. तेव्हा ऋतुजा बाईंच्या जवळ जाऊन हळूच म्हणाली, "बाई, मी प्रार्थना करू?"

"तुला करावीशी वाटते?"

"हो. पण बरं कर असं म्हणू का नको?"

"तुला काय म्हणायचंय?"

ऋतुजाने विचार केला. "म्हणायचंय."

"मग म्हण."

ती खाटेपाशी गेली. काकांना विचारलं, "हात ठेवू का?" त्यांनी मान डोलावली. तिने त्यांच्या पावलावर, पांघरुणावरूनच, हात ठेवला आणि चार ओळींची प्रार्थना केली. देवा, काकांना बरं कर, त्यांना झोप लागू दे, काकूंना बळ दे. आमेन. मग हात न काढता तिने काकांना विचारलं, "फार दुखतं का?"

काका, जे कधी बोलत नाहीत, ते बोलायला लागले. कुठे दुखतं, कधी दुखतं, पडले तेव्हा पायाखाली शेवाळ कसं होतं, डॉक्टर काय म्हणाले. ती ऐकत राहिली. आम्ही सगळे तिथे अर्धा तास होतो. नितेश काकांच्या इमारतीखाली मोटारसायकलवर वाट बघत होता, तो शेवटी वर आला आणि दारातच थांबला. मुलीकडे बघून त्याने हाक मारायची ती मारली नाही.

पोपटकाकांना चालायला चार महिने लागले. आता काठी घेऊन येतात, जिना कठड्याला धरून चढतात. डॉक्टरांनी तेवढाच वेळ सांगितला होता. ऋतुजा आठवीत आहे. दर दोन-तीन आठवड्यांनी ती बाईंना विचारते की या वेळी कुणाला बघायला जायचं, आणि विमलबाई पेणला परतायची दुपारची गाडी सोडून संध्याकाळच्या गाडीने जातात.